अनुमोदक कोण?

९ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

तू मामेभावाला फोनवर सांगितलेली हकिगत त्याने मला जशीच्या तशी ऐकवली. तीत चार चुका आहेत. त्या आज दुरुस्त केल्या नाहीत, तर आपल्या गोतावळ्यात तोच इतिहास ठरेल, म्हणून हे पत्र. फोनवर बोलता आले असते, परंतु तू माझा फोन उचलत नाहीस, आणि फोनवर विरामचिन्हेही नसतात.

पहिली चूक: ‘दादाने माझ्याविरुद्ध मत दिलं.’ मी मत दिलेले नाही. मतदान झालेच नाही. दुसरी: ‘दादाने ठराव केला.’ सभेपुढे मांडतात तो प्रस्ताव. संमत झाल्यावर त्याचा ठराव होतो. आणि तो मांडला दुसऱ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्यांनी. तिसरी: ‘सभा संपल्यावर दादा अध्यक्षांशी हसत होता.’ मी हसत नव्हतो. त्यांनी इतिवृत्तात ‘सर्वांनुमते’ असे लिहवून घेतले होते. तेथे अनुस्वार नको, ‘सर्वानुमते’ हवे, एवढे मी सांगत होतो. चौथी चूक सर्वांत गंभीर आहे: ‘दादाने पाठिंबा दिला.’ मी पाठिंबा दिलेला नाही. मी अनुमोदन दिले.

हे पत्र तू मामेभावाला वाचून दाखवशील, म्हणून पहिल्यापासून लिहितो. १८ मे रोजी आपल्या इमारतीच्या सभासदांची वार्षिक सभा तळमजल्यावरच्या सामाईक हॉलमध्ये, म्हणजे तुझ्या शिवणवर्गातच भरली. तुझी मशिने भिंतीशी सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तू सभासद नसल्यामुळे मागच्या, तुझ्या राहत्या खोलीत होतीस. दार किलकिले होते. चष्मेवाल्यांनी प्रस्ताव वाचला: ‘इमारतीचे पहिले चिटणीस यांच्या हयातीत त्यांच्या कुटुंबास वापरण्यास दिलेला हॉल व मागील खोली त्यांच्या पत्नीकडून ३१ जुलैपर्यंत रिकामी करून घ्यावी व तेथे सभासदांच्या वाहनांची सोय करावी.’ अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या दातांच्या डॉक्टरांनी, विचारले, “अनुमोदक कोण?”

कोणी बोलेना. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पदराच्या टोकाशी चाळा करीत होत्या. समोर बसलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या विजारींची दुमड तू घातलेली होती. अध्यक्षांनी पुन्हा विचारले. पुन्हा शांतता. आणखी एकदा विचारून प्रस्ताव बारगळला असता.

इथेच तुझी समजूत चुकते. बारगळलेला प्रस्ताव मरत नाही, झोपतो. पुढच्या वर्षी तो पुन्हा उठला असता. त्याला चर्चेला आणून, मुद्द्यामुद्द्याने खोडून, बहुमताने फेटाळून कायमचे गाडावे, असा माझा विचार होता. विरोधी भाषण लिहून खिशात ठेवले होते. अनुमोदकाशिवाय चर्चा नाही, म्हणून मी हात वर केला.

त्यावर डॉक्टर म्हणाले, “वा! खुद्द दादांचं अनुमोदन! घरच्याच माणसाने हो म्हटल्यावर आपण परके काय बोलणार?” मी उठून म्हणालो, “अध्यक्षमहाराज, अनुमोदन म्हणजे होकार नव्हे.” परंतु तोवर लोक ‘मंजूर, मंजूर’ म्हणत खुर्च्या सरकवू लागले होते.

आता शब्दाकडे वळू. अनु म्हणजे मागोमाग आणि मुद् म्हणजे आनंद पावणे. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या मागोमाग आनंद मानणे. हा मूळ अर्थ झाला. सभेच्या कामकाजात मात्र त्याचा अर्थ एवढाच उरतो, की हा विषय बोलण्याजोगा आहे असे आणखी एका माणसाला वाटते. अनुमोदक प्रस्तावाच्या विरुद्ध बोलू शकतो, विरुद्ध मतही देऊ शकतो. समर्थन वेगळे, संमती वेगळी, मंजुरी त्याहून वेगळी. हे मामेभावाला सांग.

तुझा,
दादा


१६ जून

दादा,

तुझं पत्र चिमीने मोठ्याने वाचलं. जावई पेपर बाजूला ठेवून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, “मामांचं अक्षर सुरेख आहे हो.” बघ, तुला एक तरी चाहता मिळाला.

तुझ्या चार चुका मान्य. आता मी एकच विचारते. मागोमाग आनंद मानणे असं तूच लिहिलंस ना? मग झाला का रे आनंद?

मी दाराआड होते. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तशी. डॉक्टरांनी दोनदा विचारलं आणि कोणी बोललं नाही, तेव्हा मी मशीनच्या झाकणावर हात ठेवून उभी होते, आणि मला वाटलं, सुटलो. माणसं चांगली आहेत, म्हटलं. तोंडावर कोणी नाही म्हणणार नाही, पण हो पण म्हणत नाहीत, याहून आणखी काय हवं? आणि मग एक हात वर गेला. बाहीवरून ओळखला. ती बाही मीच आखूड करून दिली होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त हात तुझा आणि अवलक्षण माझं.

झोपलेला प्रस्ताव म्हणे. अरे, झोपू द्यायचा होता! मी अडुसष्टची. तो वर्षभर झोपला असता, मग आणखी एक वर्ष. मला तरी किती वर्षं हवी होती? त्याला उठवून, तोंड धुऊन, सभेत आणून बसवलास तू.

चिमीकडे बरी आहे. गॅलरीला पत्रा लावून माझी खाट टाकलीय. एका बाजूला कपडे धुण्याचं मशीन, दुसऱ्या बाजूला इस्त्रीचा ढीग. मशीन फिरायला लागलं की खाट पण फिरते. चिमी जीव लावते, तिला बोल नाही. पण काल जावई विचारत होते, “आई, हॉलचं काय ठरलं?” माणूस सरळ आहे, पण प्रश्न सरळ नव्हता.

मला माझी जागा परत हवी आहे, दादा. अर्थ नको.

धाकटी


२३ जून

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

‘परत हवी आहे’ हे तुझे म्हणणे रास्त असून त्याला मार्ग आहे. संमत झालेल्या ठरावाचा फेरविचार करता येतो. त्यासाठी विशेष सभा बोलवावी लागते. मी चिटणिसांना तसा अर्ज दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचून “काका, एवढं शुद्ध कशाला, वॉट्सॲपवर टाका ना,” असे म्हटले; तरी अर्ज घेतला. सभा १३ जुलै रोजी आहे.

फेरविचाराचा प्रस्ताव मी मांडणार. अर्थात सूचक मी झाल्यावर अनुमोदक दुसरे कोणी हवे. एकच मनुष्य दोन्ही होऊ शकत नाही. तुझी सर्वांत जुनी विद्यार्थिनी म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींकडे गेलो. त्या चटकन “हो” म्हणाल्या. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने एक चिठ्ठी लिहून वर घेऊन आल्या. ‘माझा ताईंना पूर्ण पाठींबा आहे. त्यांनी मला सुई धरायला शिकवली.’

भावना उत्तम होती. परंतु ‘पाठिंबा’मधला ठि ऱ्हस्व असतो, त्यांनी दीर्घ लिहिला होता. शिवाय सभेपुढे ठेवायच्या कागदात पाठिंबा हा शब्दच चालत नाही. ‘अनुमोदन देते’ असे हवे, नाही तर डॉक्टर पुन्हा घोळ घालतील. मी लाल शाईने दोन्ही दुरुस्त्या करून, खाली अनुमोदकाची कर्तव्ये थोडक्यात लिहून चिठ्ठी त्यांना परत दिली व स्वच्छ नक्कल करून आणण्यास सांगितले. ‘सुई धरायला शिकवली’ हे वाक्य विषयाशी संबंधित नसल्याने वगळण्यास सुचवले. त्यांनी कागदाची बारीक घडी घातली आणि “बघते हं,” असे म्हणाल्या.

तेव्हा काळजीचे कारण नाही. या वेळी कामकाज नियमाने होईल.

तुझा,
दादा


१ जुलै

दादा,

तुझ्यापुढे कोणी काय करावं!

वहिनी आठवीनंतर शाळेत गेली नाही. तिचे यजमान चारचौघांत तिच्या बोलण्याला हसतात. म्हणून ती कागदावर काही लिहीत नाही, कधीच नाही. मापंसुद्धा ती दोऱ्याला गाठी मारून लक्षात ठेवायची. त्या बाईने माझ्यासाठी चिठ्ठी लिहिली आणि तू ती लाल केलीस?

आता तरी ऐक. आजच खाली उतर. कागद घेऊन जाऊ नकोस. दारात उभा राहून म्हण, “वहिनी, चुकीचं काही नव्हतं, मीच किडे काढत बसलो. रविवारी फक्त हात वर करा.” एवढंच. कर्तव्यं नकोत. तिने ‘पाठींबा’ म्हटलं तर ‘पाठींबा’ असू दे. दीर्घ तर दीर्घ. लांबलचक आहे तेवढा घेऊ.

मी पडले बाहेरची, मला हात वर करायचा हक्क नाही. माझा सगळा जीव तुम्हा दोघांच्या हातांवर आहे.

इथे सकाळी सगळे गेले की घर मोठं वाटतं, संध्याकाळी आले की मीच मोठी वाटते. सतत काहीतरी अडवून उभी आहे असं. शेजारणीने परवा ब्लाउज शिवाल का विचारलं. कशावर शिवू? चिमी म्हणते मशीन आणू या, पण कुठे ठेवणार, माझ्या उशाशी?

तुझ्याकडे चौथ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एकीत तू झोपतोस, एकीत तुझे शब्दकोश झोपतात. सुखी आहेत बिचारे.

धाकटी


१४ जुलै

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

विशेष सभा काल झाली. तुला दुसरीकडून कळण्याआधी नेमके काय झाले ते लिहितो.

गणसंख्या पुरी होती. मी प्रस्ताव मांडला. अध्यक्षांनी विचारले, “अनुमोदक कोण?”

वहिनी तिसऱ्या रांगेत यजमानांच्या शेजारी बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. यजमान त्यांच्या कानाशी काही पुटपुटून हसले. वहिनींचा हात मांडीवरून उचलला गेला, परंतु तो पदर सावरून परत मांडीवर आला.

अध्यक्षांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, “अध्यक्षमहाराज, थोडा अवधी द्यावा.”

“देतो की,” डॉक्टर म्हणाले. “दात उपटतानासुद्धा मी अवधी देतो.” लोक हसले. त्यांनी तिसऱ्यांदा विचारले आणि मग माझ्याकडे वळून, अगदी सौम्यपणे, म्हणाले, “दादा, तुम्हीच शिकवलंत आम्हाला. अनुमोदकाशिवाय विषय चर्चेला येत नाही. बसा आता.”

नियमाप्रमाणे त्यांचे बरोबर होते. मी बसलो.

तू सांगितल्याप्रमाणे मी वहिनींकडे गेलो होतो. कागद नेला नव्हता. “चुकीचं काही नव्हतं,” असे मात्र म्हणू शकलो नाही, कारण चुकीचे होते. “आशय योग्य होता,” असे म्हणालो. त्या “असू दे दादा, आम्हाला नाही जमत तुमच्यासारखं,” असे म्हणाल्या आणि दार लावून घेतले. तो नकार होता असे मला त्या वेळी वाटले नाही. तोंडी वाक्यात काय अध्याहृत आहे हे मला नेहमी कळतेच असे नाही.

सभेनंतर चष्मेवाले जिन्यात थांबले होते. “दादा, राग नका ठेवू. खरं सांगू? त्या दिवशी कोणी बोललं नसतं तर मी प्रस्ताव मागे घेणार होतो. मलाच लाज वाटायला लागली होती.”

तुझ्या पत्रातील एक उल्लेख राहिला. शब्दकोश झोपत नाहीत. ते उभेच असतात, आणि मला रोज लागतात. थट्टा म्हणून ठीक आहे.

मुदत ३१ जुलैची आहे. मशिनांचे काय करायचे ते कळव.

तुझा,
दादा


२७ जुलै

दादा,

मशिनांचं केलं. २० तारखेला टेम्पो घेऊन आलो होतो, मी, चिमी आणि जावई. चार एका संस्थेला दिली, दोन मुलींनी नेली. माझं पायाचं मशीन कोणाला नको होतं. ते तिथेच ठेवलं. आता त्याच्या शेजारी स्कूटर लावतील.

वहिनी खाली आली. माझ्या गळ्यात पडून रडली. “ताई, मी हात वर करणारच होते हो,” म्हणाली. मी म्हटलं, जाऊ दे. एका हाताने एवढं झालं, आणखी एकाने काय झालं असतं कुणास ठाऊक.

निघताना मी वर पाहिलं. तुझी खिडकी उघडी होती. वाटलं, हाक मारावी. मग वाटलं, हाकेत काही चूक निघाली तर?

मी रागावलेली नाही. रागावायला पण कुठेतरी बसावं लागतं निवांत.

उत्तराची घाई नाही.

धाकटी


१९ ऑगस्ट

ती. मामा,

तुम्हाला फोन केला तेव्हा घाईत होते, म्हणून सगळं नीट लिहिते.

आई ९ ऑगस्टला आमच्या न्हाणीघरात पडली. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, पण डॉक्टर म्हणतात, आता काठीनेसुद्धा फार नाही. जिना तर कायमचा बंद. आमचं घर पहिल्या मजल्यावर, दिवसभर कोणी नसतं. मे महिन्यात ११ तारखेला तुमची ती सभा झाली, जूनमध्ये आई आमच्याकडे आली, तेव्हापासून ती खचतच गेली होती. मी खूप प्रयत्न केला, मामा. मला वाईट म्हणू नका.

गावाबाहेर एक निवास आहे, सगळं तळमजल्यावर. १ सप्टेंबरपासून जागा मिळतेय. अर्ज सोबत पाठवते आहे. अर्जदार म्हणून माझी सही केली आहे. त्यांना आणखी एका जवळच्या नातलगाची सही लागते. जागेवर पेन्सिलने खूण केली आहे.

आईला विचारलं, मामांना काही लिहायचं का? ती म्हणाली ते खाली तसंच लिहिते:

‘दादा, सही कर. या वेळी भाषण खिशात ठेवू नकोस.’

तुमची,
चिमी


२४ ऑगस्ट

चि. चिमीस,

आशीर्वाद.

तुला वाईट म्हणण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. अर्ज सोबत परत पाठवत आहे.

तू पेन्सिलने खूण केलेल्या जागी ‘अनुमोदक नातेवाईक’ असे छापले आहे. हा शब्द चुकीचा आहे. तेथे ‘संमती देणारा नातेवाईक’ असे हवे होते, कारण त्या सहीनंतर कोणतीही चर्चा होत नाही. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. नंतर मनात आले, की दुरुस्ती केली तर ते अर्ज परत पाठवतील आणि तुझ्या आईची ती जागाही जाईल. म्हणून दुरुस्ती केलेली नाही. जसे छापले आहे त्याच्याखालीच सही केली आहे.

आईला सांग, या वेळी भाषण लिहिलेले नव्हते.

तू विचारलेले नाहीस, परंतु एक खुलासा करणे भाग आहे. तिने माझ्याकडे येऊन राहावे, ही सूचना तिच्याकडून यावी आणि मी तिला तत्काळ होकार द्यावा, असे मला वाटत होते. मोठ्या भावाने बोलावले, तर ते उपकारासारखे दिसते आणि तिला नाही म्हणता येत नाही, असा माझा समज होता. तिच्या २७ जुलैच्या पत्रात ती सूचना येईल असे धरून चाललो होतो. आली नाही. मी वाट पाहिली. तिच्या १ जुलैच्या पत्रातले शेवटून दुसरे वाक्य मी आज पुन्हा वाचले. ते केवळ शब्दकोशांविषयीचे विधान आहे, असे मी तेव्हा समजलो होतो.

आता चौथा मजला आणि तिचा पाय यांच्यामध्ये जे जिने आहेत, त्यांवर काही उपाय नाही.

तुझ्या पत्रातल्या आणि अर्जातल्या काही तारखा चुकल्या आहेत. निवासाच्या कागदांत तरी त्या बरोबर असाव्यात. क्रमाने देतो.

तुझ्या आईचा जन्म: १४ मार्च. अर्जात ४ मार्च पडले आहे. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो. मला बाहेरच्या पायरीवर बसवून ठेवले होते आणि तिचे रडणे मी सर्वांच्या आधी ऐकले.

वार्षिक सभा: १८ मे. ११ मे नव्हे.

ती तुमच्याकडे आली: २५ मे, रविवारी सकाळी. जूनमध्ये नव्हे.

विशेष सभा: १३ जुलै. तुझ्या पत्रात उल्लेख नाही. वगळली तरी चालेल. तीत काहीही झाले नाही.

मशिने हलवली: २० जुलै. मी खिडकीपासून दोन पावले आत उभा होतो.

माझी दुसरी खोली रिकामी केली, कपाटे जिन्याच्या वळणावर काढून ठेवली, खाट आणली: २ ऑगस्ट. ही तारीख कोणत्याही पत्रात नाही. मी कळवली नव्हती.

ती पडली: ५ ऑगस्ट. ९ नव्हे, तुझा फोन मला ६ तारखेला आला होता.

अर्जावर अनुमोदकाची सही: २४ ऑगस्ट.